खाजेवर एक ट्यूब द्या

पावसाळ्यात सातारा-सांगलीकडच्या कुठल्याही मेडिकलच्या काउंटरपाशी थोडा वेळ उभं राहा, हे वाक्य ऐकू येतंच. मागणारा आजाराचं नाव सांगत नाही, अंग दाखवत नाही. फार तर आवाज उतरवून ‘जांघेत आलंय’ एवढं म्हणतो. फळीवरून ट्यूब खाली येते, पैसे गल्ल्यात जातात. हा व्यवहार इतका अंगवळणी पडलाय की त्यात काही चुकतंय असं ना देणाऱ्याला वाटत, ना घेणाऱ्याला. माझ्या मते गावोगावच्या आरोग्याचा हा फार गंभीर आणि तितकाच दुर्लक्षित प्रश्न आहे.

माझे मामा पलूस तालुक्यात कृष्णाकाठच्या एका गावात मेडिकल चालवतात. धाकटी बहीण साताऱ्यात त्वचारोगतज्ज्ञ आहे. गणपतीत दोघं एकत्र आले आणि जेवणानंतर सुरू झालेलं बोलणं दुपारच्या चहापर्यंत चाललं. दोघांनाही आपल्यासमोर येणाऱ्या माणसाची मनापासून काळजी आहे, म्हणूनच वाद तापला. मी मध्ये फारसा पडलो नाही. जे ऐकलं ते थोडं गाळून इथं मांडतो.

मामा : तू मला एक सांग पोरी. रविवारी संध्याकाळी सात वाजता भांगलणीला जाणारी बाई माझ्या दुकानात येते. दिवसभर ओल्या रानात बसलेली, अंगावर ओलं लुगडं, कमरेला खाजवून खाजवून रक्त काढलेलं. सांगलीला स्किनच्या डॉक्टरकडं जायचं म्हटलं तर दुसऱ्या दिवसाची हजेरी बुडते, एसटीचं तिकीट, डॉक्टरची फी, आणि नंबर लागेपर्यंत दुपार. मी तिला ट्यूब देतो. शंभराच्या आसपास काम होतं, तिला रात्री झोप लागते. ह्यात मी काय पाप केलं?

भाची : पाप म्हणतच नाही मी. तिला झोप लागली, हेही खरं. फक्त ती कशानं लागली ते बघू या. कुठली ट्यूब देता?

मामा : जी चालते ती.

शेजारच्या कुणासाठी तरी आणलेली तसली एक ट्यूब मामांच्या पिशवीत होतीच. बहिणीनं ती हातात घेतली. पुढच्या बाजूला ठळक अक्षरांत ब्रँडचं नाव. मागच्या बाजूला, नखाएवढ्या जागेत, बारीक अक्षरांत घटक. तिनं ट्यूब उजेडाकडं धरून वाचले: क्लोबेटासोल, निओमायसिन, मायकोनॅझोल. बाजूला लाल चौकट, आणि तिच्यात इंग्रजीत इशारा की नोंदणीकृत डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय हे औषध किरकोळीत विकू नये. भांगलणीला जाणारी बाई यातलं एक अक्षरही वाचू शकणार नाही. खरं सांगायचं तर शिकलेली माणसंही ट्यूब कधी उलटी करून बघत नाहीत.

भाची : आता यात काय आहे बघा. मायकोनॅझोल बुरशीवर. निओमायसिन पू करणाऱ्या जंतूंवर. आणि क्लोबेटासोल हे स्टेरॉइड. कातडीला लावायच्या स्टेरॉइडांत सर्वांत तीव्र गटातलं. म्हणजे बनवणाऱ्याचा हिशेब सरळ आहे. बुरशी असेल तर हे, जंतू असतील तर ते, आणि काहीही असलं तरी खाज थांबवायला तिसरं. आजार ओळखायची गरजच ठेवली नाही.

मामा : मग बरंच की. एका ट्यूबमध्ये तिन्ही बसत असतील तर गरिबाचं भलंच आहे.

भाची : तिथंच घात आहे मामा. नायटा म्हणजे बुरशी. ती कातडीत शिरली की शरीर तिच्याशी झगडतं. तो लालपणा, ती खाज, ती गोल उठावदार कड म्हणजे शरीराची लढाई. क्लोबेटासोल त्या लढाईलाच आवर घालतं. राखणीचं कुत्रं बांधून ठेवलं की उसात डुकरं निर्धास्त शिरतात, तसं होतं. दोन दिवसांत खाज जाते, लाली जाते, बाई म्हणते गुण आला. खाली बुरशी पसरतच असते. ट्यूब थांबवली की आठवड्याभरात दुप्पट उसळते. मग बाई परत तुमच्याकडंच येते आणि म्हणते, ‘तीच द्या, तिनंच बरं वाटलं होतं.’

मामा काही वेळ बोलले नाहीत. एकच माणूस महिन्या-दोन महिन्यांनी त्याच ट्यूबसाठी परत येतो, हे त्यांनी काउंटरवर असंख्य वेळा बघितलेलं होतं. त्याचा अर्थ त्यांनी आजवर ‘औषध चांगलं आहे’ असा लावला होता.

मामा : पण परदेशात तर असली मलमं चिठ्ठीशिवाय मिळतात म्हणे. आमच्या गावचा पोरगा लंडनला असतो, तो सांगत होता.

भाची : तिथं चिठ्ठीशिवाय मिळतं ते १ टक्क्याचं हायड्रोकॉर्टिसोन, सर्वांत सौम्य. क्लोबेटासोलची ताकद त्याच्या सुमारे ६०० पट धरतात. हे औषध सलग दोन आठवड्यांपेक्षा जास्त लावायचं नाही, आठवड्याला ५० ग्रॅमच्या वर जाऊ द्यायचं नाही, आणि चेहरा, काख, जांघ इथं लावायचंच नाही. आपली माणसं ते नेमकं जांघेत लावतात, आणि महिनोन् महिने.

मामा : जांघेतच का नको? कातडी ती कातडीच.

भाची : नाही, सगळी कातडी सारखी नसते. १९६७ मध्ये दोन अमेरिकन संशोधकांनी हायड्रोकॉर्टिसोन अंगाच्या वेगवेगळ्या भागांवर लावून मोजलं होतं. हाताच्या कोपराखालच्या भागातून जेवढं औषध आत शिरतं, त्याच्या ६ पट कपाळातून शिरतं, १३ पट जबड्याजवळून आणि ४२ पट अंडकोशाच्या कातडीतून. त्यात जांघ म्हणजे घडीची जागा, वरून घट्ट चड्डी. औषध तिथं दाबून बसतं. कातडी कागदासारखी पातळ होते आणि तिच्यावर लांब जांभळट फाटल्याच्या रेघा उठतात, बाळंतपणात पोटावर उठतात तशा, पण रुंद. भरतीची तयारी करणाऱ्या अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलांच्या मांड्यांवर मी त्या बघते. नायटा उपचारानं जातो. त्या रेघा पुढं फिक्या होतात, पण जात नाहीत.

भरतीचा विषय निघाला तसे मामा सरसावले. आपल्या भागात पोलीस आणि सैन्य भरतीच्या अकॅडम्या आहेत, तालमी आहेत. एका खोलीत अनेक मुलं, एका दोरीवर सगळ्यांचे टॉवेल, घामानं भिजलेले लंगोट न वाळता पुन्हा अंगावर. कुस्तीत तर अंगाला अंग घासतं. अशा ठिकाणी एका मुलाचा नायटा दहा जणांना व्हायला वेळ लागत नाही. ती सगळी मुलं मामांकडं येतात, आणि जो पहिला येतो त्याच्याच ट्यूबचं नाव बाकीचे सांगतात.

मामा : त्यांना मी साधं बुरशीचं मलम दिलं तर दोन दिवसांनी परत आणून आपटतात. म्हणतात, ‘काका, ह्यानं खाज थांबत नाही, ती दुसरी द्या.’

भाची : कारण साधं मलम हळू काम करतं आणि त्यांना कुणी ते सांगितलेलं नसतं. बुरशीचं मलम चट्ट्यावर आणि चट्ट्याच्या कडेबाहेर दोन बोटं लावायचं, डाग गेला असं वाटल्यावरही किमान दोन आठवडे सुरू ठेवायचं. टॉवेल वेगळा, कपडे गरम पाण्यात धुऊन उन्हात वाळवायचे, आणि घरात आणखी कुणाला असेल तर सगळ्यांनी एकदम उपचार घ्यायचे. शिवाय आता पूर्वीचा नायटा राहिलेला नाही. पंधरा-वीस वर्षांपूर्वी पंधरा दिवसांत आटपायचं, आता पोटातून गोळ्या देऊनही दोन-दोन महिने जातात.

मामा : ते मात्र खरं. माझ्या वडिलांच्या वेळी दवाखान्यातलं पांढरं मलम कागदावर घालून द्यायचे, त्यानंसुद्धा जायचा.

(ते पांढरं मलम बहुधा व्हिटफील्डचं असावं: बेंझोइक आम्ल ६ टक्के, सॅलिसिलिक आम्ल ३ टक्के. आर्थर व्हिटफील्ड या इंग्रज डॉक्टरनं विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ते सांगितलं. लावल्यावर चुरचुरतं, पण स्वस्त आहे आणि त्यात स्टेरॉइडचा कणही नाही.)

भाची : आता जी बुरशी आहे तिला ट्रायकोफायटन इंडोटिनी म्हणतात. भारत आणि नेपाळमधल्या रुग्णांच्या नमुन्यांवरून जपानी संशोधकांनी २०२० मध्ये तिला वेगळी जात म्हणून नोंदवलं. टर्बिनाफिन हे आपलं हुकमी औषध, त्याला ती पुष्कळदा दाद देत नाही, कारण औषध जिथं घाव घालतं त्या जागेच्या जनुकातच बदल झालेला असतो. २०२३ मध्ये न्यूयॉर्कमध्ये दोन बायकांना हीच बुरशी सापडली. त्यातली एक तर परदेशात कुठं गेलीही नव्हती. ही बुरशी माजायला अनेक कारणं आहेत. उष्मा आहे, घट्ट जीन्स आहेत, अर्धवट सोडलेले उपचार आहेत. पण स्टेरॉइड मिसळलेल्या मलमांचा त्यात मोठा वाटा आहे, असं आमच्या क्षेत्रातली बहुतेक जाणती माणसं मानतात.

इथवर बहिणीचं पारडं जड होतं. मग मामांनी २०१९ चा पूर काढला.

मामा : ऑगस्ट २०१९. सांगलीच्या आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट, आणि पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. आमच्या गावात बोटी फिरत होत्या. माणसं दिवस-दिवस कमरेएवढ्या पाण्यात, मग शाळेच्या वर्गांत दाटीवाटीनं. पाणी उतरल्यावर घराघरातला चिखल उपसायला लागली तेव्हा बोटांच्या बेचक्यांत चिखल्या, मांडीत नायटे, पोरांच्या अंगावर खरूज. कुठला स्किनचा डॉक्टर आला होता? सरकारी पथक आलं, ताप-जुलाबाच्या गोळ्या देऊन गेलं. खाजेकडं कोण बघतंय? दुकान उंचावर होतं म्हणून वाचलं, आणि जे होतं ते मी वाटलं. निम्म्यांकडनं पैसेही घेतले नाहीत. २०२१ च्या जुलैत पुन्हा तेच. तुझी चिठ्ठी त्या पाण्यात कुठनं आणायची होती?

बहिणीनं यावर लगेच उत्तर दिलं नाही. ती त्या वेळी शिकत होती, आणि पुराचे फोटो तिनं आमच्याबरोबर मोबाइलवरच बघितले होते.

भाची : नव्हतीच आणायची. पुरात तुम्ही जे केलंत त्याला मी नाव ठेवणार नाही. पण त्या पुरातली ट्यूब पूर ओसरल्यावरही घरात राहिली ना? तिचं नाव पाठ झालं. पुढच्या वर्षी मुलाच्या गालावरच्या शिब्यांना तीच, सुनेच्या वांगांना तीच, आजीच्या पायाच्या इसबाला तीच. आणि खरूज म्हणालात तर खरजेवर त्या ट्यूबचा काहीच उपयोग नाही. खरूज किड्यानं होते. तिला ५ टक्क्यांचं पर्मेथ्रिन लागतं, मानेपासून तळपायापर्यंत रात्रभर लावून ठेवायचं, घरातल्या सगळ्यांनी एकाच रात्री, आणि आठवड्यानं पुन्हा. स्टेरॉइड लावलं तर खाज दबते आणि किडे वाढतात.

मामा : बरं. माझं चुकतंय असं धरू. पण मला सांग, माझ्याकडं ज्या चिठ्ठ्या येतात त्यांच्यावर काय असतं? हीच ट्यूब. गावातला डॉक्टर लिहितो, तालुक्याचा लिहितो, एमबीबीएसही लिहितो. कंपनीचा माणूस आधी त्यांच्याकडं जातो, मग माझ्याकडं येऊन स्कीम सांगतो, दहावर दोन फुकट. लोकांना नाव कळलं ते डॉक्टरच्याच कागदावरनं. मी फक्त दुसऱ्यांदा देतो.

भाची : हे मान्य करावंच लागेल. आकडाच सांगते. देशभरातल्या बारा केंद्रांवर त्वचारोगतज्ज्ञांनी एक पाहणी केली होती, २०११ मध्ये छापून आली. चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेले २,९२६ रुग्ण तपासले. त्यातले ४३३ जण चेहऱ्याला स्टेरॉइड लावत होते. कुणाच्या सांगण्यावरून? २५७ जणांना डॉक्टर नसलेल्या कुणीतरी सुचवलं होतं. मेडिकलवाला, ब्युटी पार्लरवाली, मैत्रीण, नातेवाईक.

मामा : आणि उरलेले १७६?

भाची : त्यांना डॉक्टरनंच लिहून दिलं होतं.

मामांनी मान हलवली. मला तो आकडा फार महत्त्वाचा वाटतो. या प्रश्नावर बोलताना सगळा दोष काउंटरमागच्या माणसावर टाकायची पद्धत पडली आहे. दहातल्या चार जणांच्या बाबतीत सुरुवात दवाखान्यात झालेली असेल, तर एकट्या दुकानदाराला दटावून काय साधणार?

चेहऱ्याचा विषय निघाला तसं बोलणं लग्नसराईकडं वळलं. मुलगी ‘दाखवायची’ ठरली की महिनाभर आधी तिच्या हातात कुठलीतरी क्रीम येते. हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि मोमेटासोन अशा तिहेरी मिश्रणाच्या ट्यूबा वांगांवर, तज्ज्ञाच्या देखरेखीखाली, मोजक्या आठवड्यांसाठी असतात. आपल्याकडं त्या गोरं करायची क्रीम म्हणून वर्षानुवर्षं वापरल्या जातात. आधी चेहरा उजळतो. मग ऊन सोसत नाही, गालांवर लाल शिरा दिसू लागतात, हनुवटीवर लव वाढते, मुरुमांचं पेव फुटतं. क्रीम सोडली की चेहरा पेटल्यासारखा होतो, म्हणून ती सोडवत नाही.

भाची : त्याहून वाईट म्हणजे कंपनीचं नाव-गाव नसलेल्या डब्या. २०२३ मध्ये अकोल्यातल्या एका घरातल्या तिघींची मूत्रपिंडं बिघडली. तिघी एकच क्रीम लावत होत्या. मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉक्टरांनी कारण शोधलं तेव्हा क्रीममध्ये पारा निघाला. तुमच्या दुकानात तसली डबी कुणी ठेवायला आलं तर हाकलून द्या.

मामा : तसलं मी आधीपासनंच ठेवत नाही. ज्याच्यावर बॅच नंबर नाही ते माझ्या फळीवर चढत नाही. आणि एवढा सगळा धोका असेल तर स्टेरॉइड बंदच करून टाकावं सरकारनं. एक घाव दोन तुकडे.

मला वाटलं होतं, बहीण यावर खूश होईल. उलट ती सगळ्यात जास्त चिडली ती इथं.

भाची : नाही मामा, तसं बोलूच नका. कोरेगावकडचं एक दीड वर्षांचं बाळ माझ्याकडं येतं. दोन्ही कोपरांच्या आत, गुडघ्यांच्या मागं इसब. रात्रभर रडायचं, खाजवून चादरीला रक्त. सौम्य स्टेरॉइडचं मलम दिलं, दहा दिवसांत बाळ झोपायला लागलं. मग आईनं मोबाइलवर कुणाचा तरी व्हिडिओ बघितला, ‘स्टेरॉइड विष आहे’, आणि मलम बंद केलं. कडुनिंबाच्या पाल्याचं पाणी, हळद, खोबरेल सगळं झालं. महिन्यानं आणलं तेव्हा जखमांत पू होता. इसब असो, सोरायसिस असो, कोडाचे काही प्रकार असोत, या औषधांनी माणसं बरी होतात, नोकरीला जातात, लग्नाच्या पंगतीत बसतात. १९५२ मध्ये न्यूयॉर्कच्या दोन डॉक्टरांनी हायड्रोकॉर्टिसोनचं मलम पहिल्यांदा यशस्वीपणे वापरलं. त्याआधी डांबर, गंधक, झिंक यांवर भागवत होते. ते दिवस मला परत नकोत.

मामा : मग कुणाला द्यायचं, कुणाला नाही, हे मी कसं ठरवायचं?

भाची : तुम्ही ठरवायचंच नाही. बघून ठरवावं लागतं. आणि बघणं म्हणजे नुसती नजर टाकणंही नाही.

मग तिनं सांगितलं ते मी कधी ऐकलं नव्हतं. संशय असेल तर ती चट्ट्याच्या कडेवर बोथट पातं हलकेच फिरवते आणि कातडीचा कोंडा काचपट्टीवर घेते. त्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकते, वर पातळ काच ठेवते आणि दहा-पंधरा मिनिटं थांबते. तेवढ्यात कातडीच्या पेशी विरघळतात. सूक्ष्मदर्शकाखाली धरलं की राखाडी पसाऱ्यातून आरपार गेलेले, फांद्या फुटलेले, चमकदार धागे दिसतात. ते दिसले तर बुरशी. खर्च काही रुपयांचा. ज्यानं स्टेरॉइड लावलंय त्याच्या काचेवर तर धाग्यांचं जाळंच दिसतं. वरून चट्टा मात्र इतका पुसट झालेला असतो की अनुभवी डॉक्टरही चकावा.

भाची : आणि एक गोष्ट तुम्हाला मी हात जोडून सांगते. फिकट चट्टा, खाज नाही, तिथले केस गेलेत, आणि टोचलं तरी कळत नाही, असा माणूस आला तर त्याला कुठलीच ट्यूब देऊ नका.

मामा : ते मला शिकवायचं नाही. तो कुष्ठाचा चट्टा असू शकतो. आम्ही मिरजेच्या शेजारची माणसं. रिचर्डसन लेप्रसी हॉस्पिटल बघत मोठे झालो. असा माणूस आला की मी त्याला थेट प्राथमिक आरोग्य केंद्रात धाडतो. गोळ्या फुकट आहेत, सहा महिने नाहीतर बारा महिने, माणूस पूर्ण बरा होतो.

बहीण क्षणभर बघतच राहिली. तिच्याकडं असे रुग्ण येतात ते वर्षभर नायट्याची मलमं चोळून, बोटं वाकडी व्हायला लागल्यावर. वेळेवर पाठवणारा एक दुकानदार तिच्या घरातच होता.

मामा : कायद्याचंही मला ठाऊक आहे. २०१८ मध्ये आणखी १४ स्टेरॉइड मलमांना चिठ्ठी सक्तीची केली. त्याच वर्षी ३२८ मिश्र औषधांवर बंदी आली, त्यात कातडीची मलमंही होती. पुढं काय झालं? एक मिश्रण बंद झालं की त्यातला एक घटक बदलून दुसरं फळीवर येतं. आणि समजा, मी उद्यापासनं चिठ्ठीशिवाय नाही म्हटलं. समोरचा देतो. माझं गिऱ्हाईक रस्ता ओलांडून तिकडं जाणार आणि हीच ट्यूब घेणार. तिच्या कातडीत काय फरक पडला?

भाची : म्हणूनच नियम सगळ्यांना सारखा हवा. एच-वन यादीतल्या औषधांना तुम्हाला वेगळी वही ठेवावी लागते ना? कुणी लिहिलं, कुणाला दिलं, किती दिलं. तीन वर्षं जपायची. तीव्र स्टेरॉइडच्या मलमालाही तशी वही करा. मग समोरचाही विचार करेल, आणि चिठ्ठी लिहिणारा डॉक्टरही.

मामा : वही करीन. पण बाईनं दाखवायचं कुठं, त्याचं उत्तर तू अजून दिलं नाहीस. आणि पुरुष डॉक्टरला जांघ दाखवायला आमच्याकडच्या बायका तयार नाहीत, तेही धरून चाल.

मामांचा हा शेवटचा मुद्दा मला सर्वांत मोलाचा वाटला, आणि त्याचं उत्तर बहिणीकडं अर्धंच होतं. ती म्हणाली, सरकारी ई-संजीवनीवर घरबसल्या फुकट सल्ला मिळतो, निदान तो घ्या. पण फोनवरून कातडी खरवडता येत नाही आणि चट्टा बधिर आहे की नाही हेही कळत नाही, हे तिनंच सांगितलं.

उरलेलं अर्धं उत्तर मला त्या काचपट्टीत दिसतं. हिवतापासाठी रक्ताची काच बघायला बहुतेक प्राथमिक आरोग्य केंद्रांत सूक्ष्मदर्शक आहे, तो वापरणारा तंत्रज्ञ आहे. त्याच यंत्राखाली नायट्याची काच बघता येते. एक बाटली पोटॅशियम हायड्रॉक्साइड आणि थोडं प्रशिक्षण, एवढीच भर घालायची. कराडला, मिरजेला, साताऱ्याला वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. तिथल्या त्वचारोग विभागानं आठवड्यातून एक दिवस, त्यातही एका महिला डॉक्टरनं, तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात बसायचं ठरवलं, तर मामांच्या गिऱ्हाइकाला हजेरी बुडवून शहर गाठावं लागणार नाही. बाजाराचा दिवस धरला तर अधिक बरं. त्या दिवशी बाया तालुक्याला येतातच. चिठ्ठीची सक्ती आणि चिठ्ठी देणारा माणूस या दोन गोष्टी बरोबरीनं गावात पोचायला हव्यात. पहिली २०१८ पासून कागदावर आहे. दुसरीची मागणी आपण ग्रामसभेत आणि जिल्हा परिषदेत करत नाही, कारण खाजेला आपण आजारच धरत नाही.

मामांनी निघताना एवढं कबूल केलं: जांघेला आणि चेहऱ्याला स्टेरॉइडवाली ट्यूब चिठ्ठीशिवाय द्यायची नाही, साधं क्लोट्रिमॅझोल पुढच्या फळीवर ठेवायचं, आणि देताना ‘महिनाभर लाव, दोन दिवसांत बघू नकोस’ असं सांगायचं. समोरच्या दुकानाचं काय, ते त्यांनी कबूल केलं नाही, आणि ते त्यांच्या हातातही नाही.

वाचकांना माझी विनंती आहे. घरातली ट्यूब आज उलटी करून बघा. मागच्या बारीक अक्षरांत क्लोबेटासोल, बीटामेथासोन, बेक्लोमेथासोन, मोमेटासोन किंवा फ्लुओसिनोलोन यांपैकी एखादं नाव असेल, आणि ती डॉक्टरनं तुम्हाला, याच तक्रारीसाठी, इतक्याच दिवसांसाठी असं सांगून दिलेली नसेल, तर ती दुसऱ्या कुणाला देऊ नका, मुलांच्या अंगाला तर अजिबात लावू नका. बराच काळ चेहऱ्याला लावत असाल तर आपल्या मनानं एकदम तोडण्याऐवजी त्वचारोगतज्ज्ञाला दाखवा. आणि जाताना ती ट्यूब, रिकामी असली तरी, बरोबर न्या. तुमच्या कातडीवर आजवर काय लागलं, हे डॉक्टरला सर्वांत आधी तिच्यावरूनच कळतं.